ट्यूब लावली की जातं, सोडली की परत: मुलांच्या डोळ्यांभोवतीची पुरळ

रामबागची सून | २१ एप्रिल, रात्री १०:५२

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मुलगा सहा वर्षांचा. रंगपंचमीला काकाच्या खांद्यावर बसून राजवाड्यावर गेर बघून आला. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, गेर म्हणजे रंगाची मिरवणूक. टँकर, पाण्याचे फवारे, आणि गुलाल असा उडतो की वरच्या मजल्यावर खिडकीत उभी असलेली माणसंही सुटत नाहीत. पोरगं घरी आलं तेव्हा आपलंच आहे ना, हे दातांवरून ओळखलं. दोनदा न्हाऊ घातलं, तरी पापण्यांच्या घडीत गुलाबी रंग राहिलाच. तिसऱ्या दिवशी दोन्ही डोळ्यांभोवती लाल, खरखरीत, आणि खाज.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या भैयाने एक ट्यूब दिली. "बच्चों को भी चलती है, भाभीजी." दोन दिवसांत चेहरा एकदम साफ. मी खूश. ट्यूब बंद केली, चौथ्या दिवशी परत. परत लावली, परत गेलं. असं करता करता महिना झाला. आता लाल चट्टा राहिला बाजूला, डोळ्यांच्या खाली, नाकाच्या दोन्ही कडांना आणि तोंडाच्या आजूबाजूला मोहरीएवढ्या गुलाबी पुटकुळ्या आल्या आहेत. पूर्वी त्या नव्हत्या.

सासूबाई म्हणतात उष्णता. समोरच्या काकू म्हणतात जंत. शाळेतल्या मॅडमनी डायरीत लिहून पाठवलं, "संसर्गजन्य आहे का ते कळवावे." शनिवारी स्किनच्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. तोवर चार दिवस काय करू? ट्यूब लावू की नको लावू?

पोहे_जिलेबी | २१ एप्रिल, रात्री ११:२०

वहिनी, आधी ट्यूब हातात घ्या आणि बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. ब्रँडचं नाव नको, आतलं औषध सांगा. आणि लेबलवर उभी लाल रेघ आहे का? ती असेल तर चिठ्ठीशिवाय द्यायचं औषध नाही ते.

रामबागची सून | २१ एप्रिल, रात्री ११:३४

लाल रेघ आहे. भिंगाने वाचलं. क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनाझोल. मला यातलं एकही माहीत पडत नाही.

शनिवारवाडा_४११०३० | २१ एप्रिल, रात्री ११:४१

"माहीत पडत नाही"?? :)

पोहे_जिलेबी | २१ एप्रिल, रात्री ११:४६

आमच्याकडे माहीत पडतं, भिया. तुमच्याकडे कळतं. तुम्ही झोपा आता.

ओटल्यावरचा डॉक्टर | २२ एप्रिल, सकाळी ७:१५

मी त्वचारोगतज्ज्ञ. लहानपण जेल रोडवर गेलं, प्रॅक्टिस पुण्यात. मुलाला तपासल्याशिवाय निदान करत नाही आणि इथे कुणाला औषध लिहून देत नाही, तेव्हा राग मानू नका.

पण ताई, तुमची हकीकत मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो, फक्त मुलाचं नाव वेगळं असतं. लावलं की जातं, सोडलं की जोरात येतं, आणि मग मूळ चट्ट्याच्या जागी बारीक पुटकुळ्या. तुमच्या ट्यूबमधलं पहिलं नाव, क्लोबेटासोल, हे स्टेरॉइड आहे, आणि तेही सर्वांत तीव्र गटातलं. उरलेली दोन म्हणजे एक जंतूंवरचं आणि एक बुरशीवरचं. काय झालंय ते न बघता तिन्हीवर एकदम गोळी झाडायची म्हणून हे मिश्रण विकलं जातं. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठी बंधनकारक. कोपऱ्यावर काय चालतं ते तुम्ही बघितलंतच.

पापणीची त्वचा अख्ख्या अंगात सगळ्यांत पातळ, जेमतेम अर्धा मिलीमीटर. तळहाताला लावलेलं मलम जेवढं आत जातं, त्याच्या कितीतरी पट इथे जातं. पहिल्या दोन दिवसांत आरशासारखा चेहरा दिसतो तो त्यामुळेच, आणि पुढची रड पण त्यामुळेच. चेहऱ्यावर काही आठवडे स्टेरॉइड लागलं की तोंड, नाक, डोळे अशा दारांभोवती जी पुरळ येते तिला आम्ही पेरिओरिफिशियल डर्मटायटिस म्हणतो. एक खूण आहे: तोंडाभोवती पुटकुळ्या असतात, पण ओठाला अगदी लागून असलेली बारीक पट्टी कोरी राहते. उजेडात बघा.

ट्यूब बंद करा असंच मी म्हणणार. पण बंद केल्यावर पहिला आठवडा, कधी दोन आठवडे, ते आत्तापेक्षा वाईट दिसेल. नव्वद टक्के गाडी इथेच घसरते (आकडा माझ्या चिडण्याचा आहे, अभ्यासाचा नव्हे). मूल भेसूर दिसतं, घरचे बोलतात, आणि रात्री गुपचूप परत ट्यूब निघते. म्हणून शनिवारची वेळ चुकवू नका. तोवर साधं पाणी. साय नाही, हळद नाही, कोरफड नाही, वासाचा साबण नाही. ट्यूब फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला न्या, आणि किती दिवस लावली ते खरं सांगा.

एक राहिलं. मुलाला दम्यासाठी पंप किंवा मास्कची वाफ चालू आहे का? त्यातही स्टेरॉइड असू शकतं आणि मास्कच्या कडेने ते चेहऱ्यावर बसतं. ते औषध मात्र मनाने बंद करायचं नाही. वाफ झाल्यावर तोंड धुवायचं, एवढंच.

रामबागची सून | २२ एप्रिल, सकाळी ८:०२

डॉक्टरसाहेब, टॉर्च लावून बघितलं. ओठांची कड कोरी आहे! अगदी पेन्सिलने आखल्यासारखी. वाफ वगैरे काही नाही. ट्यूब कपाटाच्या वर ठेवली, माझाच हात पोचू नये म्हणून.

टिळकनगरची आजी | २२ एप्रिल, दुपारी १२:३०

सूनबाई, आमच्या वेळी या ट्यूबा नव्हत्या आणि हे रोगही नव्हते. एरंडेलाचा दिवा, त्यावर तांब्याची वाटी उपडी, रात्रभराची काजळी बोटाने निपटून साजूक तुपात कालवायची. चार मुलं आणि सात नातवंडं त्या काजळावर वाढवली. एकालाही चष्मा नाही.

बरं, एकाला आहे. पण तो कॉम्प्युटरवर बसतो.

ओटल्यावरचा डॉक्टर | २२ एप्रिल, दुपारी २:१०

आजी, नमस्कार. काजळाने डोळे मोठे होत नाहीत आणि नंबरही अडत नाही. त्यात घातक काय, तर बोट आणि नख. तान्ह्या बाळाच्या पापणीच्या आतल्या कडेवर नखातली घाण जाते. तुमच्या घरच्या काजळापेक्षा जास्त भीती मला बाजारच्या सुरम्याची वाटते. पारंपरिक सुरमा म्हणजे शिशाचं खनिज कुटून केलेली पूड. मुलं डोळे चोळतात, तेच बोट तोंडात घालतात, आणि शिसं पोटात जातं. मेंदूची वाढ चालू असताना ते थोडंसंही नको.

टिळकनगरची आजी | २२ एप्रिल, दुपारी ४:४५

शिसं? ते मला ठाऊक नव्हतं. सुरमा आमच्याकडे कधीच नव्हता म्हणा. पण दृष्टीचं काय? तीट तरी लावावी की नाही?

ओटल्यावरचा डॉक्टर | २२ एप्रिल, संध्याकाळी ५:२०

पायाच्या तळव्याला लावा, आजी. दृष्ट तिथूनही उतरते.

टिळकनगरची आजी | २२ एप्रिल, संध्याकाळी ५:३८

आता पटलं. आणि एक सांगते, ते तरी बरोबर आहे का बघ. आमच्या धाकट्याचा एक डोळा जन्मापासून पाझरायचा, सकाळी चिपडांनी चिकटलेला असायचा, आणि सतत पुसून पुसून खालची पापणी लाल झाली होती. तेव्हा सुईणीने शिकवलं होतं. बोट नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्यात टेकवायचं आणि दाबत खाली आणायचं. दिवसातून चार वेळा. वर्षाच्या आत थांबलं.

ओटल्यावरचा डॉक्टर | २२ एप्रिल, संध्याकाळी ६:०५

शंभर टक्के बरोबर! अश्रूंची नळी खालच्या टोकाला पडद्याने बंद असते, दाबाने तो फुटतो. डोळ्यांचे डॉक्टर आजही पालकांना हेच शिकवतात, नखं कापून. बहुतेक बाळांचं पहिल्या वर्षात मोकळं होतं, नाही झालं तर सळईने उघडावं लागतं. सुईणबाईंना माझा नमस्कार.

गॅलरीतली तुळस | २३ एप्रिल, सकाळी ११:१२

सुदामा नगरातून. आमचा किस्सा ऐका, म्हणजे आपण किती चुकीच्या जागी शोधतो ते दिसेल.

मुलगी आठ वर्षांची. दोन्ही वरच्या पापण्या कोरड्या, कोंडा पडल्यासारख्या, खाज. मी शाम्पू बदलला, साबण बदलला, उशीचे अभ्रे रोज धुतले, अंडं बंद केलं, दूध बंद केलं (सासरी महाभारत). सहा महिने. शेवटी एका डॉक्टरांनी तिचा चेहरा नंतर बघितला, आधी हात बघितले. बोटांना जांभळी नेलपॉलिश. मावसबहिणीने वाढदिवसाला दिलेला संच, बारा रंगांचा. नेलपॉलिशची अ‍ॅलर्जी बोटांना येत नाही म्हणे, नखं जाड असतात. हात जिथे जिथे लागतो तिथे येते, आणि लहान मुलांचा हात सारखा डोळ्यांकडे जातो. पाठीवर दोन दिवस चिकटपट्ट्या लावून चाचणी केली, तिथेही नेमकं तेच उठलं. संच गेला, पापण्या तीन आठवड्यांत सुधारल्या. दूध परत सुरू केलं. बाईसाहेब अजून माझ्यावर रुसलेल्या आहेत.

त्यावरून एक प्रश्न. धाकट्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आहेत. झोप पूर्ण होते, हिमोग्लोबिन बरं आहे. मग?

ओटल्यावरचा डॉक्टर | २३ एप्रिल, दुपारी १:४०

तुळसताई, नाक बघा त्याचं. सकाळी सटासट शिंका, तोंड उघडं ठेवून झोपणं, तळहाताने नाक वर ढकलत पुसणं? त्या पुसण्याने नाकाच्या शेंड्याच्या वर एक आडवी रेघ पडते. नाकातली सूज टिकून राहिली की डोळ्यांखालच्या नसांमधलं रक्त तुंबतं आणि ते पातळ त्वचेतून निळसर काळं दिसतं. क्रीम लावून जाणार नाही, नाकाचा इलाज करावा लागेल.

गॅलरीतली तुळस | २३ एप्रिल, दुपारी २:०३

रेघ आहे! मला वाटायचं जन्मखूण.

निमाडी बाणा | २३ एप्रिल, रात्री ११:५५

मी इथे लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. मूळ धाग्याशी थेट संबंध नाही, पण "मुलाचे डोळे सुजलेत" असं शोधत कुणी इथे आलं तर त्याला हे दिसावं, म्हणून लिहितो.

आम्ही मूळचे खरगोनचे, आता राजेंद्र नगरात. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, मुलगा तेव्हा चार वर्षांचा. फेब्रुवारीत सकाळी उठला की डोळे सुजलेले. दोन्ही. जणू रात्रभर रडला आहे. खाज नाही, लाली नाही, दुखत नाही. दहा-अकरापर्यंत उतरायचं. गव्हाच्या कापणीचे दिवस जवळ आले होते, सगळे म्हणाले धूळ, अ‍ॅलर्जी. एका दवाखान्यात अ‍ॅलर्जीचं सिरप दिलं, संपलं तेव्हा दुसरं दिलं. मलाही तेच पटत होतं, कारण संध्याकाळपर्यंत चेहरा चांगला दिसायचा. संध्याकाळी ते पाणी खाली पायात उतरतं हे तेव्हा कुठे माहीत होतं?

तीन आठवडे गेले. एके दिवशी माझ्या आईने त्याचे मोजे काढले. इलास्टिकचा ठसा घोट्यावर असा रुतला होता की त्यात बोट बसेल. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला मोरीत लघवीला बसवलं आणि मला हाक मारली. "इकडे ये, बघ." साबणाच्या पाण्यासारखा फेस, आणि तो विरतच नव्हता. मी म्हटलं, मोरी नुकतीच धुतली असेल. ती म्हणाली, "मी धुते ना मोरी, मला माहीत आहे धुतली की नाही."

लघवीची साधी तपासणी. अल्ब्युमिन तीन प्लस. नेफ्रॉटिक सिंड्रोम. मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिनं निसटत होती, त्यामुळे रक्तातलं पाणी बाहेर झिरपून जिथे कातडी सैल तिथे साठत होतं, म्हणजे आधी पापण्यांत.

बारा आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या, सहा आठवडे रोज आणि सहा आठवडे एक दिवसाआड. इथे सगळे स्टेरॉइडला शिव्या देताय, बरोबर देताय, पण आमच्या पोराला त्यानेच उठवलं. गाल फुगले, भूक अशी की पहाटे तीनला उठून पोहे मागायचा. दहाव्या दिवशी लघवी साफ. पुढे सर्दीच्या निमित्ताने एकदा उलटलं, परत गोळ्या. आता सात वर्षांचा आहे. अजून रोज सकाळी पट्टी बुडवून रंग बघतो आणि वहीत लिहितो. पिवळी राहिली की चांगलं, हिरवी झाली की फोन. वही त्याची तोच भरतो आता. मागच्या आठवड्यात "पीवळी" लिहिलं होतं, मी दुरुस्त केलं तर चिडला.

त्या सिरप देणाऱ्यांवर माझा राग नाही असं म्हणणार नाही. लघवी तपासायला किती पैसे लागतात?

पोहे_जिलेबी | २४ एप्रिल, सकाळी ६:५०

दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मोजे बघितले आत्ता, झोपलेल्या पोराचे.

ओटल्यावरचा डॉक्टर | २४ एप्रिल, सकाळी ७:३०

निमाडी बाणा, तुमच्या आईंना दंडवत. दोन ते सहा वर्षांचं मूल, सकाळी दोन्ही पापण्या सुजलेल्या, खाज नाही, लाली नाही: आधी लघवी, मग बाकीचं. अ‍ॅलर्जीची सूज बहुधा खाजते. हा फरक शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवावा असा आहे.

उलट बाजूही सांगून ठेवतो. सूज एकाच डोळ्याला, लाल, गरम, हात लावू देत नाही, ताप आहे, अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर. आणि डोळा पुढे आल्यासारखा दिसतोय, डोळा फिरवताना दुखतंय, दोन-दोन दिसतंय किंवा अंधुक दिसतंय, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठं इस्पितळ, सकाळची वाट नाही. नाकाशेजारची सायनसची पोकळी आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये जी हाडाची भिंत आहे तिचं शास्त्रीय नावच "कागदी पत्रा" अशा अर्थाचं आहे. सर्दीतला पू तेवढी भिंत ओलांडून डोळ्यामागे जातो. डास किंवा मुंगी चावल्यावरही एक डोळा बंद होण्याइतका फुगतो, पण ते मूल खेळत असतं. तापाने मलूल पडलेलं नसतं.

आणि डोळ्याजवळ पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा घोस, चुरचुर, त्यातला एखादा फुटून खड्डा पडलेला, असं दिसलं तर नागिणीच्या नात्यातला विषाणू असू शकतो. त्यावर घरातली स्टेरॉइडची ट्यूब लावली तर तो बुबुळापर्यंत जातो.

सयाजीबागेजवळ | २४ एप्रिल, सकाळी १०:१८

वडोदऱ्याहून राम राम. आमच्या चिरंजीवांना पापणीजवळ मोत्यासारखे दाणे आले होते, प्रत्येकाच्या मधोमध टाचणीने टोचल्यासारखा खळगा. पोहण्याच्या वर्गातून आणले असावेत, तिथे चार मुलांत एक टॉवेल. मोलस्कम म्हणतात. शेजारी म्हणाले मस आहेत, घोड्याच्या केसाने बांधा. घोडा कुठून आणायचा? डॉक्टर म्हणाले विषाणूचे आहेत, वर्ष-दीड वर्षात आपले आपण जातात, फोडू नका, फोडले की पसरतात. एक दाणा मात्र पापणीच्या अगदी काठावर होता, त्यातून डोळा सारखा लाल व्हायचा, तो डोळ्यांच्या डॉक्टरांनी काढला. बाकीचे वाट बघून गेले. टॉवेल वेगळा ठेवला.

पोहे_जिलेबी | २४ एप्रिल, दुपारी ३:२५

आता माझी पाळी. पोरगा दहाचा. दरवर्षी एप्रिल लागला आणि लू सुरू झाली की डोळे चोळ चोळ चोळायचा. पापण्या काळवंडल्या, डोळ्यांतून दोरीसारखा चिकट स्राव. आम्ही त्वचेचं समजून कातडीला क्रीम फासत होतो. खरं दुखणं डोळ्यात होतं, पापणीच्या आतल्या बाजूला. पापणी उलटून दाखवली तेव्हा आत फरसबंदीसारखे उंचवटे. उष्ण, कोरड्या हवेतल्या मुलांना, त्यातही मुलग्यांना जास्त. माळव्याचा उन्हाळा त्याला मानवतोच.

माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी दिलेले थेंब मी पुढची दोन वर्षं जुनी चिठ्ठी दाखवून आणत होतो. त्यात स्टेरॉइड होतं. नशिबाने डोळ्यातला दाब वाढण्याआधी पकडलं गेलं. आता बिनस्टेरॉइडचे थेंब, टोपी, गॉगल, आणि फ्रीजमध्ये ठेवलेला ओला रुमाल. चोळायचं नाही हे मुख्य, चोळून चोळून बुबुळ शंकूसारखं पुढे येतं. मोठेपणी बहुतेकांचं आपोआप थांबतं म्हणतात. वाट बघतोय.

वहिनी, तुम्हीही महिनाभर ती ट्यूब पापण्यांना लावलीत. शनिवारी डोळ्याचा दाब तपासायचा का ते विचारा.

ओटल्यावरचा डॉक्टर | २४ एप्रिल, दुपारी ४:००

अनुमोदन. मीच सांगायला हवं होतं, राहून गेलं.

लष्करवाला | २५ एप्रिल, रात्री ९:३०

ग्वाल्हेरहून. भाचीला तिसऱ्या आठवड्यात वरच्या पापणीवर लाल ठिपका आला आणि तीन महिन्यांत स्ट्रॉबेरीएवढा झाला. घरात सगळे म्हणाले, असे डाग पाच-सात वर्षांत जातात. खरंही आहे, पाठीवर असता तर थांबलो असतो. पण डोळ्याची बाहुली झाकली गेली की मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकतच नाही, आणि मग डाग गेला तरी नजर येत नाही. तिला प्रोप्रॅनोलॉल दिलं, हे मुळात हृदयाचं औषध. २००८ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की हृदयासाठी हे दिलेल्या बाळाची रक्तवाहिन्यांची गाठ आपसूक बसली. पहिल्या डोसला दवाखान्यात ठेवून नाडी मोजली, आणि उपाशीपोटी कधी द्यायचं नाही, साखर उतरते, हे चार वेळा बजावलं. आता पापणी पूर्ण उघडते.

टिळकनगरची आजी | २५ एप्रिल, रात्री ९:५२

अवांतर: पापणीवर जो पुवाचा फोड येतो त्याला तुम्ही मुलं काय म्हणता? आमची नात गुहेरी म्हणाली. मी म्हटलं, अगं रांजणवाडी! तिला ठाऊकच नाही.

शनिवारवाडा_४११०३० | २५ एप्रिल, रात्री १०:०१

रांजणवाडीच, आजी. मी इंदूरचा नागरिक नाही, पण आजपासून तुमच्या पक्षात आहे. तळहातावर बोट घासून गरम करायचं आणि टेकवायचं, ना?

ओटल्यावरचा डॉक्टर | २५ एप्रिल, रात्री १०:२०

शेक बरोबर, बोट नको. स्वच्छ कापड कोमट पाण्यात बुडवून दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. फोडायची नाही.

रामबागची सून | २६ एप्रिल, रात्री ८:१५

आलो जाऊन. ओटल्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेच निघालं. ट्यूब कायमची बंद, एक जेल लावायला दिलं आहे, ते डोळ्यापासून लांब. तोंडाने घ्यायची एक गोळी मोठ्यांना देतात, पण आठ वर्षांच्या आत दात पिवळे पडतात म्हणून याला ती नाही. याच्या खालच्या पापणीखाली एक जादा घडी आहे, ती दाखवून विचारलं, तान्हा असताना कोपरा-गुडघ्यांना चट्टे यायचे का? यायचे! ते मी विसरलेच होते. म्हणजे त्वचा मुळातच एक्झिमाची, गुलाल निमित्त. संसर्ग नाही असं शाळेसाठी लिहून दिलं.

दाब पण तपासला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ते फुंकर मारणारं यंत्र. पहिल्या फुंकरीला एवढा दचकला की हनुवटी उचलून खुर्चीतून खाली. मग "अजून एकदा, अजून एकदा" करत मागे लागला. सोळा आणि सतरा. एकवीसपर्यंत चालतं म्हणाले.

रामबागची सून | ३ मे, रात्री ११:१०

डॉक्टरसाहेब, वाईट दिसतंय. खूप. नाकाच्या कडेला सालं निघतात. आज लग्नात तीन जणींनी विचारलं. कपाटावर हात गेला होता, खोटं सांगत नाही. स्टूल घेतलं होतं.

ओटल्यावरचा डॉक्टर | ३ मे, रात्री ११:२४

बारावा दिवस. सांगितलं होतं तसंच चाललंय. स्टूल जागेवर ठेवा. फोटो काढून तुमच्या डॉक्टरांना पाठवा. डोळा लाल नाही ना? पाणी, पू? नसेल तर आणखी आठवडा काढा.

टिळकनगरची आजी | ३ मे, रात्री ११:३०

सूनबाई, ती ट्यूब माझ्याकडे आणून दे. रामबागेतून टिळक नगरात रिक्षा येते.

रामबागची सून | १८ जून, दुपारी १२:४०

उशिरा लिहिते आहे, शाळा सुरू झाली. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून उतरत गेलं. आता पुटकुळ्या नाहीत. पापण्यांचा कोरडेपणा अधूनमधून येतो, त्यासाठी डॉक्टरांनी ०.०३ टक्क्यांचं टॅक्रोलिमस दिलं आहे, ते स्टेरॉइड नाही. पहिले तीन दिवस चरचरतं म्हणून रडला, मग सवय झाली.

ट्यूब खरंच आजींकडे पोचवली. चहा, चकल्या, आणि वर माझ्या हातात एरंडेलाचं काजळ. तळव्यासाठी.

पुढच्या गेरला जायचं की नाही यावर घरात वाटाघाटी झाल्या. ठरलं ते असं: आधी चेहऱ्याला खोबरेल, डोळ्यांना पोहण्याचा गॉगल, घरी आल्यावर न चोळता नुसतं पाणी. चिरंजीवांची एकच अट आहे. काकानेही गॉगल लावायचा.